कागदावर नसलेले दहा महिने

हे प्रकरण न्यू जर्सीच्या दक्षिण भागातलं आहे. तिथल्या एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या स्थानिक इतिहास कक्षासाठी मी काही वर्षं मुलाखती घेत असे. होलोकॉस्टमधून वाचून अमेरिकेत आलेल्या एका बाईंच्या मुलाखतीची ही हकिकत. त्यांना इथे ह. आजी म्हणते. ओळख पटू नये म्हणून घरचे तपशील बदलले आहेत. हे काम करणाऱ्यांना, आणि घरातल्याच म्हाताऱ्या माणसांना बोलतं करू पाहणाऱ्यांना उपयोगी पडावं म्हणून माझ्या चुकांसकट लिहिते आहे.

पार्श्वभूमी

युद्धानंतर युरोपातून अमेरिकेत आलेले ज्यू म्हटलं की न्यूयॉर्कमधले शिंपी नाहीतर दुकानदार डोळ्यांपुढे येतात. आमच्या दक्षिण न्यू जर्सीतल्या व्हाइनलँडच्या पट्ट्यात मात्र शेकडो कुटुंबांनी कोंबड्या पाळल्या. या धंद्याला इंग्रजी फारसं लागत नव्हतं, डोक्यावर साहेब नव्हता, नवराबायको दोघांना घरच्या घरी काम करता येत होतं आणि मुलं नजरेसमोर राहत होती. १९०० साली स्थापन झालेली ज्युइश अ‍ॅग्रिकल्चरल सोसायटी त्यांना कर्ज द्यायची. आधीपासून तिथे राहणारे ज्यू या नव्यांना यिडिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत, ‘ग्रीने’ म्हणत, म्हणजे हिरवे, अजून न पिकलेले.

ह. आजी १९४९ मध्ये जर्मनीतल्या ब्रेमरहाफन बंदरातून लष्करी बोटीने न्यूयॉर्कला उतरल्या. वय १९, सोबत आई आणि निर्वासितांच्या छावणीत लग्न झालेला नवरा. थोड्याच दिवसांत त्यांनी कर्ज काढून कोंबड्या घेतल्या. दिवसातून तीनदा अंडी हाताने गोळा करायची, तारेच्या टोपलीत भरायची, पुसायची. रात्री तळघरात बसून एकेक अंडं दिव्यासमोर धरायचं, आत रक्ताचा ठिपका दिसतो का बघायचं आणि छोट्या काट्यावर तोलून प्रतवारी लावायची. मी गेले तेव्हाही तो काटा स्वयंपाकघराच्या खिडकीत होता. बोलता बोलता आजींचं बोट त्याच्या तबकडीवर जायचं आणि काटा थरथरायचा. ध्वनिमुद्रणात त्याची बारीक टिकटिक ऐकू येते. १९५० च्या दशकाच्या मध्यावर अंड्यांचे भाव कोसळले, दक्षिणेतल्या राज्यांमधल्या मोठ्या उत्पादकांपुढे हे छोटे मळे टिकेनात. आजींनी मळा विकला आणि पुढची वीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात शिवणाचं काम केलं.

अमेरिकेत अशा साक्षी जमवण्याचं काम १९७९ मध्ये न्यू हेवनमध्ये व्हिडिओवर सुरू झालं, त्यातून येल विद्यापीठाचा संग्रह उभा राहिला. १९९४ मध्ये स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी सुरू केलेल्या संस्थेने काही वर्षांतच जवळपास ५२,००० मुलाखती घेतल्या. हे काम अफाट आहे आणि त्याचं ऋण मोठं आहे. पण या मुलाखतींचा भर साहजिकच युद्धाच्या वर्षांवर असे. नंतरची पन्नास वर्षं शेवटच्या भागात उरकली जात. आजींनीही १९९० च्या दशकात अशी एक मुलाखत दिली होती. त्यात कोंबड्यांना मिळाली होती चार मिनिटं. आम्हाला नेमकी तीच पन्नास वर्षं हवी होती. म्हणून २०१३ मध्ये मी त्यांच्या दारात उभी राहिले. युद्धाबद्दल विचारायचं नाही असं ठरवूनच गेले होते.

पेच कसा उभा राहिला

पहिल्या बैठकीत रेकॉर्डर सुरू करण्याआधी आजींनी मला विचारलं, तू कुठली? कोल्हापूर सांगितल्यावर त्यांना काही कळेल असं वाटलं नव्हतं. मी सहज म्हटलं, आमच्या गावाजवळ वळिवड्याला युद्धाच्या काळात पोलिश निर्वासितांची वसाहत होती. १९४३ पासून १९४८ पर्यंत, सुमारे पाच हजार माणसं. आजी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “ती माणसं जिथून आली, तिथेच आम्ही होतो. त्या रांगेतून माझ्या वडिलांना परत पाठवलं.”

ही रांग म्हणजे जनरल आंदेर्स सोव्हिएत प्रदेशात उभारत असलेल्या पोलिश सैन्यात भरती होण्याची. १९४० मध्ये सोव्हिएत सरकारने पूर्व पोलंडमधून लाखो माणसं उत्तरेला आणि सायबेरियात हाकलली. त्यात वळिवड्याला पोचलेली कॅथलिक कुटुंबं होती, तसे जर्मनांच्या तावडीतून पूर्वेला पळालेले ज्यूही होते. आजींचं कुटुंब आर्खांगेल्स्ककडच्या लाकूडतोडीच्या छावणीत गेलं. १९४१ मध्ये सुटका झाल्यावर सगळे उझबेकिस्तानच्या दिशेने निघाले. १९४२ मध्ये आंदेर्सचं सैन्य आणि त्याच्याबरोबरची कुटुंबं इराणला बाहेर पडली, त्यातलीच काही पुढे भारतात आली. या सैन्यात ज्यूंना सहसा घेत नसत. आजींचे वडील त्याच वर्षी समरकंदला टायफसने गेले.

पोलंडचे जे ज्यू वाचले, त्यातले बहुसंख्य असे सोव्हिएत प्रदेशातच वाचले. तरी कित्येक दशकं त्यांनी तोंड उघडलं नाही. ऑश्विट्झहून आलेल्या शेजारणीसमोर आपण कसलं दुःख सांगायचं, असं आजींना वाटे. पहिल्या मुलाखतीतही त्यांना घेटोबद्दल आणि छळछावणीबद्दल विचारलं गेलं, समरकंदबद्दल जेमतेम दोन प्रश्न.

दुसऱ्या बैठकीत आम्ही मळ्यावर बोलत होतो. कर्जाच्या अर्जावर काय लिहिलं होतं, असा माझा प्रश्न होता. आजींनी मायक्रोफोनवर हात ठेवला, मग स्वतःच काढला आणि म्हणाल्या, “मी आधीच्या मुलाखतीत खरं सांगितलं नाही. आमचे कागद खोटे होते.”

कागदांनुसार त्या ऑक्टोबर १९४५ मध्ये जर्मनीतल्या अमेरिकी विभागात पोचल्या होत्या. प्रत्यक्षात त्या पोचल्या ऑगस्ट १९४६ मध्ये. पन्नास वर्षांनी कॅमेऱ्यासमोरही त्यांनी कागदावरचीच तारीख सांगितली होती.

इथे माझी पहिली मोठी चूक झाली. या भेटी आजींच्या मुलाने जुळवून दिल्या होत्या. त्याला कच्चं शब्दांकन पाठवायची सवय मला पहिल्या बैठकीपासून लागली होती. दुसऱ्या बैठकीचंही मी आजींना न विचारता त्यालाच पाठवलं. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, घाबरलेला होता. आईच्या नागरिकत्वाचं काय होईल, आणि मुलाखत पुसून टाका.

ती तारीख इतकी महत्त्वाची का

आजींचा प्रश्न नैतिक आहे असं समजून मी सुरुवातीला चुकीच्या दिशेने विचार करत होते. कायदा वाचल्यावर डोळे उघडले.

अमेरिकेचा विस्थापितांचा कायदा जून १९४८ मध्ये झाला. त्यात अट होती की, माणूस २२ डिसेंबर १९४५ रोजी किंवा त्याआधी जर्मनी, ऑस्ट्रिया किंवा इटलीत आलेला हवा. सोव्हिएत प्रदेशात वाचलेले पोलिश ज्यू मायदेशी परतले ते मुख्यतः १९४६ मध्ये, मालगाड्या भरभरून. घरं गेलेली, गावात कोणी उरलेलं नाही. ४ जुलै १९४६ ला किएल्त्से गावात जमावाने आणि गणवेशातल्या माणसांनी मिळून ४२ ज्यूंना ठार केलं. त्यानंतर हजारो लोक चेकोस्लोव्हाकियाच्या सीमेवरून पश्चिमेकडे पळाले. म्हणजे ज्यांना आसऱ्याची सर्वांत जास्त गरज होती, नेमके तेच या तारखेने बाहेर राहिले. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सही करतानाच लेखी निवेदन दिलं होतं की, हा कायदा ज्यू विस्थापितांशी निष्ठुर भेदभाव करतो.

त्याच कायद्यात शेतीकाम करणाऱ्यांसाठी ३० टक्के जागा राखीव होत्या. आजींचे यजमान मूळचे पाव भाजणारे. अर्जावर त्यांनी लिहिलं ‘शेतकरी’. आजी हे सांगताना खिडकीतल्या काट्याकडे बघत होत्या. “ते खोटं आम्ही खरं करून दाखवलं,” एवढंच म्हणाल्या. तारखेचं मात्र तसं करता येत नव्हतं. छावणीतल्या दोघांनी त्यांच्यासाठी साक्ष दिली, यांनी त्या दोघांसाठी दिली.

जून १९५० मध्ये कायदा सुधारला आणि ती तारीख १ जानेवारी १९४९ वर नेली. अजून एक वर्ष छावणीत काढलं असतं तर खऱ्या तारखेवर आजींना अर्ज करता आला असता. पण १९४९ मध्ये हे कोणाला ठाऊक होतं?

मुलाची भीतीही हवेतली नव्हती. प्रवेशासाठी जाणूनबुजून खोटी माहिती देणाऱ्याला प्रवेश नाही, असं त्या कायद्याचं कलम होतं. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेदोरेंको खटल्यात त्याच कलमाचा आधार घेतला. हा माणूस ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीतला पहारेकरी. व्हिसा घेताना त्याने ते लपवलं होतं, म्हणून त्याचं नागरिकत्व काढून घेतलं. आजींनी तेव्हा ती बातमी पेपरात वाचली होती. पहारेकरी पकडला गेला याचा आनंद झाला, आणि त्या रात्री झोप लागली नाही, असं त्यांनी सांगितलं. ज्या कलमाने खुन्याला गाठलं, त्याच कलमात दहा महिने लपवणारी एक मुलगीही बसत होती. ही गोष्ट त्यांनी ३२ वर्षं कोणाजवळ काढली नव्हती.

कोणते पर्याय होते

पुसून टाकणं हा सर्वांत सोपा मार्ग होता आणि तो आमच्या हातातही होता, कारण संमतिपत्रावर अजून सही झालेली नव्हती. सही होईपर्यंत बोलणाऱ्याचे शब्द बोलणाऱ्याचेच, हे आम्ही पाळतो. पण पुसा म्हणत होता तो मुलगा. आजींनी तसं म्हटलं नव्हतं.

फक्त तेवढा भाग कापून बाकीची मुलाखत खुली करावी, असं कक्षातल्या माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचं पहिलं मत होतं. कोंबड्या, भाव, कारखाना, सगळं राहिलं असतं. मलाही आठवडाभर हेच पटत होतं. मग कापलेला मजकूर वाचून बघितला. ‘शेतकरी’ शब्दाचा उगमच त्यातून गेला होता, आणि या बाई कोंबड्यांकडे का वळल्या हेच कळेनासं झालं होतं. आमचा विषय तोच होता.

नाव बदलून खुली करायची, हा तिसरा विचार. एवढ्याशा समाजात आवाजावरून माणूस ओळखतात, त्यामुळे तो फार टिकला नाही.

सर्वांत जास्त वाद झाला तो खुली करण्यावरच. सहकाऱ्यांची काळजी वेगळी होती. होलोकॉस्ट झालाच नाही म्हणणारे लोक अशा विसंगतीवर टपून असतात. एकाच बाईच्या दोन मुलाखतींत दोन तारखा सापडल्या, तर ते म्हणणार, बघा, हे सगळेच खोटं बोलतात. ही भीती खरी आहे आणि मी ती हलकी मानत नाही. तरी माझं मत तेव्हाही वेगळं होतं, आजही आहे. पहिल्या मुलाखतीतली चुकीची तारीख आजींनी मनाने रचलेली नव्हती, एका कायद्याने ती त्यांच्या तोंडी घातली होती. दोन्ही मुलाखती शेजारी ठेवल्या तरच त्या कायद्याने माणसांकडून काय करून घेतलं ते दिसतं. छावणीची नोंदणीपत्रं आणि व्हिसाचे अर्ज एकमेकांशी तंतोतंत जुळतात, आणि सगळे चूक आहेत. इतिहासकाराला तिथे आवाजाशिवाय दुसरा पुरावा मिळणार नाही.

पण हा माझा युक्तिवाद होता. धोका आजींचा होता. त्यामुळे तो त्यांना पटवायला जायचं नाही, असं आम्ही ठरवलं. या सगळ्या प्रकरणात नीट विचार करून घेतलेला बहुधा हा एकच निर्णय.

काय केलं

आधी ध्वनिमुद्रणाच्या सगळ्या प्रती एका जागी आणून कुलूपबंद केल्या. मुलाला पाठवलेलं शब्दांकन परत मागितलं नाही, ते शक्यही नव्हतं. त्याला भेटून सांगितलं की, तुम्हाला पाठवणं ही माझी चूक होती. तो म्हणाला, चूक तुमची असेल, पण आता मी ते विसरू शकत नाही. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग ग्रंथालयाशी काहीही संबंध नसलेल्या, नागरिकत्वाची प्रकरणं पाहणाऱ्या एका वकीलबाईंशी आजींची गाठ घालून दिली. मी खोलीबाहेर थांबले. पुढे आजींनीच सांगितलं ते असं: अशा दाव्याला मुदतीची मर्यादा नाही, हे खरं. पण वर्षभरात सुधारलेल्या कायद्यात ज्या बाई बसत होत्या, त्यांच्यामागे सरकार या वयात लागेल, असं वकीलबाईंना वाटत नव्हतं. हमी मात्र त्यांनी दिली नाही.

सहा आठवडे आम्ही फोन केला नाही. हे जड गेलं. ८३ वर्षांच्या माणसाच्या बाबतीत सहा आठवडे म्हणजे काय, हे आम्हाला कळत होतं.

शेवटी आजींचा फोन आला. त्यांना तिसरी बैठक हवी होती आणि त्या वेळी घरात दुसरं कोणी नको होतं. अटी त्यांच्या: त्या हयात असेपर्यंत दुसरी आणि तिसरी बैठक बंद, नंतर खुली. पहिली लगेच खुली. आधीच्या प्रकल्पाला त्यांच्या सहीचं पत्र आपल्या मृत्यूनंतर जावं आणि त्या मुलाखतीला जोडलं जावं. हे सगळं संमतिपत्रावर त्यांच्या शब्दांत उतरवलं आणि सही या वेळी बोलणं सुरू होण्याआधी झाली.

तिसरी बैठक एक तास दहा मिनिटांची आहे. तीत ते दहा महिने आहेत. समरकंदहून पोलंडला आणणारी मालगाडी, ३९ दिवस. लोअर सायलेशियात जर्मन कुटुंबाने नुकतंच सोडलेलं घर, टेबलावर तशाच राहिलेल्या बशा. त्या घरात जूनमध्ये त्यांचा धाकटा भाऊ तापाने गेला, नऊ वर्षांचा होता. पुढच्या महिन्यात किएल्त्सेची बातमी आली आणि आईने कबरीवर दगड बसण्याचीही वाट न पाहता गाठोडी बांधली. चेकोस्लोव्हाकियातल्या नाखोदजवळ रात्री सीमा ओलांडली.

आधीच्या मुलाखतीत या भावाचा उल्लेखही नाही. का, ते आजींनी सांगितलं. कागदाप्रमाणे त्या जून १९४६ मध्ये जर्मनीत होत्या. मग भाऊ पोलंडमध्ये गेला असं कसं सांगणार? तारीख सांभाळायची तर भावाला वगळावं लागत होतं. छावणीत त्याला वगळलं, बोटीवर वगळलं, १९५५ मध्ये नागरिकत्वाची शपथ घेताना वगळलं. मुलं झाली तेव्हा त्यांनाही सांगितलं नाही, कारण मुलं शाळेत बोलतात.

पुढे काय झालं

ह. आजी २०१७ मध्ये गेल्या. ठरल्याप्रमाणे पत्र पाठवलं आणि दुसऱ्या वर्षी दोन्ही बैठका खुल्या केल्या. कोणतंही सरकारी पत्र आलं नाही. सहकाऱ्यांना जी भीती होती तसा गैरवापरही अजून आमच्या कानावर आलेला नाही. याच भागातल्या आणखी दोन कुटुंबांनी ती मुलाखत ऐकून आपल्या आईवडिलांच्या तारखांबद्दल विचारणा केली. यश म्हणून मी हे मोजत नाही, पण नोंदवते आहे.

मुलाने बराच काळ आमच्याशी बोलणं टाकलं होतं. बैठका खुल्या झाल्यावर काही महिन्यांनी तो एकटाच आला. कक्षात कोपऱ्यातल्या टेबलावर हेडफोन लावून त्याने तिसरी बैठक सलग ऐकली.

आज करायचं तर

संमतिपत्राची सही आधी घेईन, आणि कोणाला काय पाठवायचं हे बोलणाऱ्यालाच विचारेन, मुलगा कितीही भला असला तरी. मुलाखत जुळवून देणारा आणि मुलाखत देणारा या दोघांत मी गल्लत केली.

युद्धाबद्दल विचारायचं नाही, हा आमचा नियमही मी पुन्हा तसा ठेवणार नाही. अमेरिकेतलं आयुष्य वेगळं काढून दाखवता येईल असं आम्हाला वाटलं होतं. इथे कर्जाच्या अर्जावरच्या एका शब्दामागे ती छावणी उभी होती. वळिवड्याचा विषय अपघाताने निघाला नसता तर आम्ही चांगली, सुबक आणि अर्धीच मुलाखत घेऊन परतलो असतो. आता मी अशा प्रत्येक मुलाखतीआधी त्या माणसाला कोणत्या कायद्याखाली प्रवेश मिळाला आणि त्याच्या अटी काय होत्या, हे वाचून जाते.

सहा आठवडे थांबण्याबद्दल मात्र मला आजही खात्री नाही. सहकारी म्हणतात, बरोबर केलं. आजी त्या दरम्यान गेल्या असत्या तर त्यांचंही मत बदललं असतं.

आणि एक राहिलं. मुलाने हेडफोन काढले तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मला एक मामा होता.” थोड्या वेळाने त्याने विचारलं, “त्याचं नाव काय?”

मी त्याच्यासमोरच शब्दांकन उघडलं. आजी सगळीकडे त्याला ‘धाकटा’ म्हणतात, यिडिशमध्ये, नऊ वेळा. त्या बैठकीत माझं सगळं लक्ष तारखा जुळवण्यात होतं: गाडी कधी सुटली, सीमा कधी ओलांडली, छावणीत नोंद कधी झाली. हे सगळं मी दोनदा विचारून पक्कं केलेलं आहे. नाव विचारलेलं नाही.